घरात मृत्यू झाला, तर पहिल्या काही तासांत काय करायचं?

या सदराकडे आलेल्या पत्रांत अंत्यविधीबद्दलचे प्रश्न पुष्कळ आहेत. विचारायला संकोच वाटतो, असंही अनेकांनी लिहिलं आहे. संकोच करू नका. हे आधी माहीत असलेलं घर त्या दिवशी धावपळीत कमी आणि माणसापाशी जास्त बसू शकतं.

वडील ८४ वर्षांचे आहेत, वर्षभर अंथरुणावर आहेत. शेवट घरीच व्हावा ही त्यांची इच्छा. पण शेजारी म्हणतात की मृत्यू झाल्यावर हॉस्पिटलमध्ये न्यावंच लागतं, नाहीतर दाखला मिळत नाही. खरं काय? — वाचक, सातारा

न्यावं लागत नाही. ज्यांचे उपचार चालू आहेत त्या डॉक्टरांना घरी बोलवायचं. ते तपासतील आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतील. घरी झालेल्या मृत्यूसाठी ते ‘नमुना ४-अ’ वर असतं, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी ‘नमुना ४’ वर. स्मशानाचा पास (दहनाची परवानगी), शवागार, मृत्यूची नोंद, सगळं या एका कागदावर अडतं. म्हणून तिरडीचं सामान आणायला माणूस पाठवण्याआधी डॉक्टरांना फोन करा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं असतं. घरी येण्याची फी वेगळी, ती ते घेऊ शकतात.

डॉक्टर उठायच्या आधी कागद हातात घेऊन उजेडात वाचा. नाव आधार कार्डावर आहे तसंच आहे का, ते अक्षर न अक्षर पाहा. मग तारीख. रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी गेलेल्या माणसाची तारीख दुसऱ्या दिवसाची, पण गडबडीत आदल्या दिवसाची पडते आणि पुढे विम्याच्या कागदांशी जुळत नाही. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असेल तर मूळ आजार लिहायची विनंती करा. हृदय प्रत्येकाचंच शेवटी बंद पडतं; कशामुळे पडलं, ते तिथे हवं असतं.

तुमच्या बाबतीत आजच एक काम करून ठेवा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘रात्री-अपरात्री झालं तर तुम्ही याल ना?’ ते येणार नसतील तर कोण येईल, हेही ठरवून घ्या. आणि दर एक-दोन महिन्यांनी त्यांना वडिलांना दाखवत राहा. सहा महिने रुग्णाला पाहिलंच नाही असा डॉक्टर सही करायला नकार देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. मग देह रुग्णालयात न्यावा लागतो, तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’ अशी नोंद होते आणि बहुतेक वेळा पोलीस व शवविच्छेदन मागे लागतं. शेजारी सांगतात तो अनुभव बहुधा हाच. (श्वास चालू आहे की नाही अशी जराही शंका असेल तर मात्र यातलं काही न पाहता १०८ ला फोन करा. मृत्यू झाल्यानंतर ती रुग्णवाहिका देह नेत नाही, त्यासाठी शववाहिनी मागवायची.)

पडून झालेल्या दुखापतीचा नियम वेगळा, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. आजी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि महिन्याभराने अंथरुणातच गेल्या, तरी मूळ कारण अपघातच धरलं जातं. अशा वेळी पोलिसांना कळवावं लागतं. ‘म्हातारपणाने गेल्या’ असं लिहून घ्यायचा आग्रह डॉक्टरांना करू नका. अपघात विम्याचा दावा असेल तर तो तिथेच बुडतो.

डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी डोळ्यांच्या पापण्या हलक्या हाताने मिटाव्यात, हनुवटीखालून डोक्यावर मऊ कापडाची पट्टी बांधावी, हातपाय सरळ करावेत, पायाचे अंगठे एकत्र बांधावेत. दोन-तीन तासांनी अंग ताठायला लागतं, मग यातलं काही जमत नाही. अंगठ्या आणि बांगड्याही त्याआधीच काढा.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला यायला दीड दिवस लागेल. तोवर देह घरी ठेवता येतो का? — वाचक, नाशिक

सर्वांत चांगली सोय शवागाराची. तिथे साधारण ४ अंश सेल्सिअस तापमान असतं आणि दोन-तीन दिवसांची काळजी राहत नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि आधार कार्डाची प्रत घेऊन जायचं, परत घेताना पावती लागते, ती जपून ठेवायची.

घरीच ठेवायचं असेल तर भाड्याने काचेची शीतपेटी मिळते. ती येताच लगेच चालू करून गार होऊ द्या, नंतर देह ठेवा. झाकण कमीत कमी वेळा उघडा. दर नातेवाइकासाठी उघडलं की आतली गार हवा जाते आणि काचेवर दव धरतं. वीज गेली तर काय सोय आहे, हे पेटीवाल्याला आधीच विचारा. पेटी मिळाली नाही तर बर्फाच्या लाद्या लागतात. त्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पसरट भांड्यात पलंगाखाली आणि बाजूंनी ठेवायच्या, थेट अंगावर नाहीत. उन्हाळ्यात नुसत्या बर्फावर दीड दिवस निभावत नाही. एप्रिल-मे असेल तर शवागारच निवडा, मन घट्ट करून.

आईने नेत्रदानाचा आणि देहदानाचा अर्ज भरला आहे. दोन्ही होऊ शकतं का? — वाचक, ठाणे

होऊ शकतं, पण क्रम पाळायला हवा. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला पहिला फोन. पथक येईपर्यंत पंखा बंद करायचा, एसी असेल तर चालू ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ सुकतं आणि सुकलेलं बुबुळ वाया जातं. काम अर्ध्या तासात आटोपतं, रक्ताचा थोडा नमुनाही घेतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, मोतिबिंदूची शस्त्रक्रिया यांची अडचण नसते. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर डोळे घेत नाहीत.

नेत्रदान झालेला देह वैद्यकीय महाविद्यालय स्वीकारतं. शवविच्छेदन झालेला किंवा पोलीस प्रकरण असलेला देह मात्र नाकारला जातो. आणखी एक: आईने अर्ज भरला असला, तरी शेवटी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. एक भाऊ दाराशी अडून बसला तर महाविद्यालय देह नेत नाही. तिची इच्छा आज, ती समोर असताना, सगळ्या भावंडांना तिच्याच तोंडून ऐकवा.

विद्युतदाहिनी बरी की लाकडं? आणि सामान काय आणायचं? दुकानदार जे देतो ते आपण मुकाट घेतो. — वाचक, पुणे

पावसाळ्यात आणि शहरात विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनीच बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तास-दीड तासात दहन होतं, अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात. मंत्र, पिंड, पाणी फिरवणं हे सगळं दाहिनीबाहेरच्या ओट्यावर करता येतं, विधीत काही उणं राहत नाही.

चितेला ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. मुंबई महापालिका आपल्या स्मशानात ३०० किलो विनामूल्य देते. गावाकडे चिता स्वतः रचायची असेल तर खाली जाड ओंडके आडवे टाकून हवेला वाट ठेवा. चिता विझते ती बहुधा लाकूड कमी पडल्याने नाही, खालून हवा न मिळाल्याने. वजनदार ओंडके छातीवर आणि पायांवर यायला हवेत, कारण उष्णतेने स्नायू आखडतात आणि देह उचलला जातो. गोवऱ्या, कापूर, तूप पेट धरायला. ओल्या लाकडावर डिझेल ओतलं तर वरवर भडका उडतो आणि आतलं तसंच राहतं.

सामान म्हणाल तर तिरडीसाठी दोन लांब बांबू आणि आडव्या कामट्या, सुतळी, कडबा किंवा पेंढा, पांढरं सुती कापड, मातीचं मोठं मडकं आणि विस्तवासाठी लहान मडकं, गोवऱ्या, कापूर, तूप, काळे तीळ, दर्भ, पिंडासाठी तांदळाचं पीठ, तुळस, हार. सवाष्ण असेल तर हिरवी साडी आणि हळदीकुंकू, माळकरी असेल तर बुक्का. मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात ‘पूर्ण संच’ मिळतो. एवढं पुरे. शाली आणि हारांचे ढीग स्मशानात काढूनच टाकावे लागतात. कापड सुतीच घ्या. नायलॉन, प्लास्टिकची फुलं, पॉलिस्टरसारखे कृत्रिम कपडे नीट जळत नाहीत, वितळतात.

पेसमेकर बसवलेला असेल तर दहनापूर्वी तो डॉक्टरांकडून काढून घ्यायलाच हवा, दाहिनी असो वा चिता. त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते, जवळ उभ्या असलेल्या माणसाला इजा होऊ शकते. डॉक्टर प्रमाणपत्र द्यायला येतात तेव्हाच हे सांगा.

आणि जीवखडा. मडक्याला भोकं पाडायला घेतलेला तो छोटासा दगड दहाव्यापर्यंत लागतो, त्याच्यावर रोज तिलांजली द्यायची असते. गर्दीत तो हमखास हरवतो. अग्नी देणाऱ्याच्या हातातून लगेच घेऊन उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवा, आणि हे काम एका माणसाला नेमून द्या.

आम्ही दोघी बहिणीच. अग्नी मुलीने दिला तर चालतं का? — वाचक, कोल्हापूर

चालतं. कायद्याची कसलीही आडकाठी नाही, आणि स्मशानातली नोंद पास पाहून होते. वाद होतो तो चितेपाशी, एखाद्या काकांच्या तोंडून. म्हणून घर सोडण्याआधीच ‘अग्नी थोरली देणार’ असं सगळ्यांसमोर सांगा आणि गुरुजींना बोलावतानाच फोनवर विचारून घ्या. एक नाही म्हणाले तर दुसरे येतात.

काका पुण्यात राहत, पण सोलापूरला लग्नाला गेले असताना वारले. दाखला कुठे मिळेल? — वाचक, पुणे

सोलापूरला. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, राहण्याचा किंवा दहनाचा पत्ता कुठलाही असो. रुग्णालयात मृत्यू झाला तर रुग्णालय कळवतं, घरी झाला तर घरच्यांनी २१ दिवसांत कळवायचं. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. स्मशानाची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. अनेक घरं या समजात वर्ष घालवतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सोसायटी, सातबाऱ्यावरची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी एक जाते.

अस्थी नदीतच सोडायला हव्यात का? — वाचक, सांगली

नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर ती शेतात किंवा खड्ड्यात घालून वर झाड लावण्याची पद्धत तुमच्याकडे अनेक गावांनी धरली आहे. नदीत सोडायच्या असतील तर मूठभर अस्थी पुरतात. पोतंभर राख, हार आणि प्लास्टिकची पिशवी पाण्यात टाकू नका.

वडिलांच्या खात्यातून अंत्यविधीच्या खर्चासाठी एटीएमने पैसे काढले. पिन त्यांनीच दिला होता. काही बिघडलं का? — वाचक, नागपूर

बिघडू शकतं. खातेदार गेल्यानंतर त्यांचं कार्ड वापरायचा अधिकार कुणालाच राहत नाही, अगदी नामनिर्देशित व्यक्तीलाही. एखाद्या वारसाने तक्रार केली तर ती रक्कम परत भरावी लागते. खर्चाच्या सगळ्या पावत्या जपा, बँकेला लेखी कळवा आणि इतर वारसांना आकडा सांगून टाका. वडील निवृत्तिवेतन घेत असतील तर पुढच्या महिन्याची रक्कम खात्यात येऊन पडेल, तिला हात लावू नका. बँक ती परत घेते, आणि खातं रिकामं असेल तर कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू व्हायला तेवढाच उशीर होतो. आईचा कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज दाखला हाती येताच द्या.