शिक्षणासाठी घेतलेली पॉलिसी आधी परत करा

पत्र मालवण तालुक्यातील एका शिक्षकांचे आहे. वय ५४, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी, जुनी पेन्शन लागू, निवृत्तीला चार वर्षे. मुलगी रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला आइसलँडमधील ईसाफ्योर्दुर येथे ‘कोस्टल अँड मरीन मॅनेजमेंट’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. त्यांच्या अंदाजाने दोन वर्षांचा खर्च ३२ लाख रुपये येईल. ठेवी २२ लाखांच्या आहेत. बँक २५ लाखांचे शैक्षणिक कर्ज द्यायला तयार आहे. मात्र घर वडिलोपार्जित असून सातबाऱ्यावर चुलत भावांची नावे असल्यामुळे ते तारण चालत नाही, म्हणून ठेवींवर बोजा चढवावा लागेल. तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत कर्ज फिटेल, असे मुलीचे म्हणणे आहे. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: कर्ज घ्यावे की ठेवी मोडाव्यात?

पत्राच्या शेवटी, सहीखाली, त्यांनी ता. क. म्हणून लिहिले आहे: ‘कर्ज लवकर मंजूर व्हावे म्हणून बँकेतील अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून मुलीच्या शिक्षणासाठी हमी परताव्याची एक पॉलिसीही घेतली आहे. वर्षाला ४ लाख, दहा वर्षे भरायचे. ठेव २६ लाखांची होती, पहिला हप्ता त्यातूनच दिला. कागद ११ दिवसांपूर्वी पोस्टाने आले.’

सर, तुमच्या प्रश्नाला वेळ आहे, ता. क. ला नाही. म्हणून पॉलिसीविषयी तुम्हाला मेलने आधीच कळवले आहे. इतर वाचकांच्या घरीही असे लिफाफे पडलेले असतात, त्यामुळे इथे सविस्तर लिहितो.

प्रथम वयाचा हिशेब करू. पॉलिसी पंधरा वर्षांनी पूर्ण होते. तेव्हा तुम्ही ६९ वर्षांचे असाल आणि आज २२ वर्षांची असलेली मुलगी ३७ वर्षांची असेल. जिचे प्रवेशपत्र पुढच्या वर्षी येणार आहे, तिच्या शिक्षणासाठी हे पैसे कसे उपयोगी पडणार होते, हे विकणाऱ्याने तुम्हाला सांगितले नाही आणि तुम्हीही विचारले नाही. दहा हप्त्यांपैकी चार नोकरीत असताना जातील आणि सहा निवृत्तीनंतर. तुम्ही पेन्शन महिना ४५ हजार धरली आहे, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. त्यातून ४ लाखांचा हप्ता गेला की वर्षभराच्या घरखर्चाला १ लाख ४० हजार उरतात. अशी पॉलिसी लोक तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला सोडून देतात आणि भरलेल्या पैशांतला मोठा भाग गमावून बसतात.

आता परतावा. तुम्ही ४० लाख भरणार, पंधराव्या वर्षाच्या शेवटी ७२ लाख मिळणार. अधिकाऱ्यांनी कागदावर पेनाने ‘८० टक्के नफा’ असे लिहून त्याभोवती गोल काढला आहे, तो फोटो तुम्ही पत्रासोबत जोडला आहे. गणित चुकलेले नाही, पण ते सगळ्या वर्षांचे मिळून आहे. हप्ते ज्या ज्या वर्षी भरले त्याप्रमाणे हिशेब केला तर परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. महागाई ६ टक्के धरली तर पंधरा वर्षांनंतरच्या ७२ लाखांची किंमत आजच्या ३० लाखांइतकी. हमी आहे हे खरे. कमी परताव्याची हमी आहे. विमा संरक्षण ४० लाखांचे आहे म्हणता, तर तेवढ्याच रकमेचा साधा मुदतीचा विमा या वयातही या हप्त्याच्या लहानशा भागात मिळतो.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती पसंत नाही म्हणून परत करता येते. विमा कंपनी तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून उरलेला हप्ता परत करते. तुमच्या चार लाखांतले बहुतेक सगळे पैसे त्यामुळे परत येतील. परंतु दिवस मोजताना एक काळजी घ्या. तुम्ही पोस्टाच्या लिफाफ्यापासून ११ दिवस मोजत आहात; पॉलिसीची पीडीएफ त्याआधीच ईमेलवर आलेली असू शकते आणि मुदत त्या दिवसापासून धरली जाईल. अर्जावर दिलेला ईमेल मुलगी पाहते, असे तुम्हीच लिहिले आहे. आज संध्याकाळी तिला ती मेल शोधायला सांगा आणि तारीख पाहा.

अर्ज विमा कंपनीला द्या, बँकेच्या शाखेला नव्हे. त्यात पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख आणि ‘मुदतीच्या आत परत करीत आहे’ एवढे लिहा. सोबत मूळ कागद आणि रद्द केलेला धनादेश जोडा, पोच घ्या आणि त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत मेलवरही पाठवा. शाखेतून फोन येईल. ‘सर, एक वर्ष भरा, मग बघू’ असे सांगितले जाईल. तोवर जवळपास सगळे पैसे परत मिळण्याची मुदत संपलेली असते. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनला प्रत्येक प्रश्नावर ‘हो’ म्हणा असे तुम्हाला सांगण्यात आले होते आणि तुम्ही तसे म्हणालात, याची अपराधी भावना बाळगू नका. परत करण्याच्या हक्काला त्या ‘हो’ने बाधा येत नाही. कर्ज हवे असेल तर पॉलिसी घ्या, अशी अट घालण्याचा बँकेला अधिकार नाही. पॉलिसी परत केल्यावर कर्जाची फाइल मागे पडली, तर विलंबाचे कारण लेखी मागा. लेखी कारण मागितले की फाइल बहुधा हलते, असा माझा अनुभव आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘कर्ज की ठेवी’ अशी निवड प्रत्यक्षात तुमच्यापुढे नाहीच. ठेवींवर बोजा चढवून कर्ज घेतले, तर ठेवी मोडल्या नाहीत तरी हाताशीही राहिल्या नाहीत; वर ठेवीवर ७ टक्के मिळणार आणि कर्जावर १० टक्के भरावे लागणार. शिवाय शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर तोही आधार नाही.

२५ लाखांचे कर्ज टप्प्याटप्प्याने उचलले, तरी शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे, हप्ता न भरण्याच्या सवलतीचे एक वर्ष मिळून साधारण ६ लाखांचे व्याज साचते. ३१ लाख बारा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ३७ हजार रुपयांचा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण केंद्र सरकारच्या संशोधन प्रकल्पांत ज्युनियर रिसर्च फेलोला २०२३ पासून, घरभाडे भत्ता वगळून, महिना ३७ हजार रुपयेच मिळतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असो, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था असो किंवा कांदळवन कक्षाचे प्रकल्प असोत, या क्षेत्रात नव्याने येणारे बरेचसे लोक कंत्राटी कामांवरच सुरुवात करतात. तिचा सगळा पगार बँकेत जाणार आणि जेवणखाण तुमच्या पेन्शनवर.

आइसलँडमध्येच नोकरी लागेल, ही आशा मी हिशेबात धरत नाही. ईसाफ्योर्दुर हे तीन हजारांहून कमी वस्तीचे गाव आहे; डोंगरांमुळे हिवाळ्यात सुमारे दोन महिने तिथे सूर्य दिसत नाही आणि तो पुन्हा दिसला की २५ जानेवारीच्या सुमारास लोक कॉफी आणि गोड धिरडी खाऊन साजरे करतात. गाव सुंदर असेल, पण विद्यार्थ्याच्या परवान्यावर पूर्णवेळ काम करता येत नाही, युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या व्यक्तीला शिक्षणानंतर नोकरीसाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि सरकारी कामकाज आइसलँडिक भाषेत चालते. शिक्षण मात्र चांगले आहे, हे मान्य करतो. पदवी आकुरेयरी विद्यापीठाची मिळते, आणि ज्या देशात मासेमारीचा वाटा बोटीला वाटून दिला जातो व १९९० च्या कायद्यापासून तो विकताही येतो, तिथे सागरी व्यवस्थापन शिकण्याला अर्थ आहे. आपल्याकडे अशी कोटा पद्धत नाही. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी, जाळ्यांचे नियम आणि परवाने यांवर आपला कारभार चालतो. म्हणजे तिथे शिकलेले सगळे कौशल्य इथल्या जाहिरातीत मागितले जाईलच असे नाही. उलट मत्स्यव्यवसाय विभागातील आणि कृषी संशोधनातील अनेक पदांना मत्स्यशास्त्राचीच पदवी लागते, आणि परदेशी पदवीसाठी समकक्षतेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

माझा ठोकताळा असा आहे की, कर्जाचा हप्ता भारतातल्या पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावा. ३७ हजारांवर तो १२ हजार होतो, म्हणजे साचलेल्या व्याजासह १० लाख, मुद्दल सुमारे ८ लाख. बँकांच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंत स्थावर तारण लागत नाही, त्यामुळे तिथेच थांबा. ठेवींवर बोजाही चढणार नाही. पॉलिसीचे पैसे परत आल्यावर ठेवी जवळपास २६ लाखांच्या होतील. त्यांतले १२ लाख मुलीसाठी काढा आणि १४ लाख तुम्हा दोघांच्या म्हातारपणासाठी राहू द्या. एकूण साडेएकोणीस लाख. तुमच्या ३२ लाखांच्या अंदाजावर रुपया घसरण्यासाठी १० टक्के धरले की खर्च ३५ लाख होतो. साडेपंधरा लाख कमी पडतात, आणि ते अर्धवेळ कामातून येतील असे मानणे म्हणजे घोरपडीच्या पाठीवर बसून गड चढण्यासारखे आहे.

म्हणून या वर्षी स्वखर्चाने आइसलँड नको. मुलीने दोन अर्ज करावेत. एक, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या एम.एफ.एस्सी.साठी. तिथे मत्स्य संसाधन व्यवस्थापन हाच विषय आहे, बी.एफ.एस्सी. असल्यामुळे ती थेट पात्र ठरते आणि खर्च तुमच्या ठेवींच्या व्याजात भागण्यासारखा आहे. दोन, हिवाळ्यात इरास्मुस मुंडुस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्ती योजनेचे अर्ज: कादिझ, बोलोन्या आणि आल्गार्व या विद्यापीठांचा पाणी व किनारा व्यवस्थापनाचा संयुक्त अभ्यासक्रम, किंवा गेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा सागरी जैवसंसाधनांचा. त्या वर्षी शिष्यवृत्त्या खुल्या आहेत ना, हे आधी पाहावे. निवड झाल्यास महिना १,४०० युरो दोन वर्षे मिळतात. युरो १०० रुपये धरला तर ही रक्कम ३३ लाखांच्या पुढे जाते. स्पर्धा जगभराची आहे, पण अर्ज करायला कर्ज लागत नाही. आइसलँडकडूनच पंधरा-सोळा लाखांचा भार हलका करणारी मदत मिळाली, तर माझा नकार मी मागे घेईन.

पॉलिसीचे पैसे खात्यात आले की त्यांची ठेव करा. ती त्याच शाखेत करण्याची गरज नाही.