गुगलवर सापडलेला फोटो थोडा एडिट करून, खाली क्रेडिट देऊन वापरला तर तो फेअर यूज (म्हणजे मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याने चालणारा वापर) होतो का?

नाही. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. जरा चिडून लिहितोय, कारण क्रेडिट आणि एडिट ही दोन्ही कारणं एका मित्राने मलाच ऐकवलीत.

मी खंड्याचा एक फोटो टाकला होता, चोचीत मासा, पाण्याचे थेंब उडतायत, त्या एका फ्रेमसाठी चिखलात पालथा पडून होतो. तोच फोटो एका कंपनीच्या ब्रोशरच्या कव्हरवर! आरशात बघावा तसा उलटा केलेला, निळा आणखी भडक निळा, कोपऱ्यातलं माझं नाव क्रॉप, आणि खाली बारीक अक्षरात 'छायाचित्र सौजन्य: इंटरनेट'. इंटरनेट पडलं होतं का चिखलात? डिझाइन करणारा निघाला आमच्याच ग्रुपमधला. म्हणे ३० टक्के बदललं की चालतं, आणि नेटवर तूच टाकलास ना.

असला टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. फेअर यूज हे अमेरिकेतलं, तिथल्या १९७६च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०७, त्यात कोर्ट बघतं की वापर कशासाठी, मूळ काम कसलं, त्यातलं किती घेतलं आणि मूळवाल्याच्या कमाईवर काय परिणाम झाला. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, त्याला फेअर डीलिंग म्हणतात, त्यात खाजगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींच्या बातम्या वगैरे येतं. कंपनीचं ब्रोशर यात कुठे बसतं ते साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.

'बदललं की नवीन झालं' म्हणणाऱ्यांनी वॉरहॉलची केस बघा. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफरने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला, त्यावरून अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराने रंगीत चित्रं केली. प्रिन्स गेल्यावर २०१६ मध्ये त्यातलं एक मासिकाच्या कव्हरवर आलं, वॉरहॉलच्या फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले, बाईंना छदामही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७-२ने बाईंच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलच्या नावावर जे खपलं नाही ते हा कलरचा स्लायडर सरकवून खपवणार होता!

मी कंपनीला कॅमेऱ्यातली ओरिजिनल रॉ फाइल दाखवली, पुढच्या छपाईत फोटो बदलला. पैसे नाही मिळाले. मित्राचं अजून 'एवढं काय त्यात' चालूच आहे.

तुम्ही सरळ विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साइटवरून घ्या, पण लायसन्स वाचून. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं एक लायसन्स) असेल तर क्रेडिट देऊन चालतं, कारण तिथे मालकानेच तशी परवानगी दिलेली असते. दुसऱ्या साइटवरून घेताना सीसी बायच्या पुढे एनसी असेल तर धंद्यासाठी नाही, एनडी असेल तर बदल करून पुढे द्यायचा नाही. फोटोवरच टीका करताय, किंवा बातमीत तोच विषय आहे, तर गोष्ट वेगळी, तिथे परवानगीशिवायही बसू शकतं. आणि वॉरहॉलचा निकालही त्या मासिकाच्या वापरापुरताच होता, सगळीच चित्रं बेकायदा ठरवलेली नाहीत. मी वकील नाही, क्लायंटचं काम असेल तर एखाद्याला विचारून घ्या.