हीट पंप थांबू शकतो, पेन्शन नाही

पत्र: आम्ही इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला राहतो. वय ३९, पगार ४६,००० पौंड, दोन मुलं, घराचं कर्ज चालू. घर तापवणारा गॅस बॉयलर नऊ वर्षांचा, पण ठीक चालतोय. वर्षाला साधारण १२,००० युनिट गॅस लागतो. एका कंपनीने हीट पंपाचं (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) १३,५०० पौंडांचं कोटेशन दिलंय. सरकारी ग्रँट ७,५०० वजा जाता ६,००० उरतात. 'वर्षाला ९०० वाचतील, योजना आता बंदच होतेय' असं ते म्हणतात. ६,००० साठी त्यांचंच ११.९ टक्क्यांचं, दहा वर्षांचं कर्ज घ्यावं का? शिल्लक काही नाही, कारण मामेभावाकडून घेतलेल्या भारतातल्या एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसीचा वर्षाला १,८५,००० रुपये हप्ता जातो. त्यासाठी चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या पेन्शनमधून बाहेर पडलो. शेवटी पुण्यालाच परतायचंय.

उत्तर: कर्ज घेऊ नका.

गॅसचा दर सहा पेन्सच्या आसपास धरला तर तुमचे ७२० पौंड होतात, वर स्टँडिंग चार्ज, म्हणजे गॅस जोडणीचा ठरलेला आकार, साधारण १२०. अख्खं बिलच ८४०, मग त्यातून ९०० वाचणार कसे? हीट पंप एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता देतो हे खरं, पण इथे वीज गॅसच्या चौपट महाग आहे. साडेतीन मिळाले तर विजेचा खर्च ८०० च्या आसपास, तीनच मिळाले तर ९०० च्या वर. स्टँडिंग चार्ज वाचवायचा तर शेगडीही विजेवर न्यावी लागेल; फुलक्यांसाठी गॅस हवाच असेल, तर ते १२० सुटत नाहीत. हीट पंपासाठीचा खास वीजदर घेतला तर शंभर-दोनशे वाचतील. कर्जाचा हप्ता मात्र वर्षाला हजारावर, आणि दहा वर्षांत ६,००० चे १०,००० च्या पुढे.

घाईचं कारणही खोटं. इंग्लंड-वेल्समधली ही ग्रँट ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,००० वरून ७,५०० झाली आणि योजनेला किमान २०२८ पर्यंत मुदतवाढ आधीच मिळालेली आहे. अशी भीती घालून कर्ज विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता तुम्ही न विचारलेलं. पेन्शनमधून बाहेर पडणं ही या पत्रातली सर्वांत महाग गोष्ट आहे. ४६,००० मधले, पेन्शनच्या किमान हिशोबात न धरले जाणारे पहिले ६,२४० सोडले की साधारण ४०,००० उरतात. त्यावर तुमचे पाच टक्के म्हणजे २,०००, पण करसवलतीमुळे खिशातून जातात १,६००. कंपनीचे किमान तीन टक्के, १,२००. तुमच्या १,६०० चे पहिल्याच दिवशी ३,२०० होतात. हे दुप्पट होणं तुम्ही चार वर्षं नाकारलंत, म्हणजे ६,४०० पौंड गेले. ते पंपाला वापरता आले नसते, पेन्शनमध्येच राहिले असते, पण तुमचे असते. पुण्याला परतलात तरी ही पेन्शन तुमचीच राहते आणि एप्रिल २०२८ पासूनच्या नियमानुसार ५७ व्या वर्षानंतर तिथे बसून काढता येते.

आणि हे सोडलं कशासाठी? १,८५,००० रुपये म्हणजे तेच १,६०० पौंड. अशा पॉलिसीत विमा सहसा हप्त्याच्या दहापट, म्हणजे साडेअठरा लाख रुपये, १६,००० पौंड. तुमचा चार महिन्यांचा पगार! दोन मुलं आणि घराचं कर्ज मागे असताना हा विमा नव्हेच. परतावा रुपयांत पाच-साडेपाच टक्के. तो पौंडांत किती उरेल ते रुपयाच्या घसरणीवर ठरेल. शिवाय तुम्ही इथे राहत असताना पॉलिसी पूर्ण झाली, तर 'भारतात करमुक्त' हे ब्रिटनच्या कर खात्याला लागू होत नाही. मामेभावाचा हेतू वाईट असेल असं नाही, पण ही वस्तू तुमच्यासाठी नव्हती.

याच आठवड्यात एचआरला लेखी कळवा की पेन्शनमध्ये परत यायचंय. पॉलिसी मोडल्यास किती मिळेल आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवल्यास, किती, हे दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा. पॉलिसीचं काही करण्याआधी इथला साधा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) घ्या. तो हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नका. पुढचा हप्ता भरण्याआधी हे तिन्ही व्हायला हवं.

हीट पंपाला माझा विरोध नाही. बॉयलर बदलायची वेळ येईल तेव्हा नव्या बॉयलरलाही ३,००० च्या आसपास लागतीलच, म्हणजे पंपाचा जादा खर्च ६,००० नाही, ३,०००. तेव्हा हिशोब वेगळा असेल. मात्र बॉयलर बंद पडून घर गारठल्यावर धावपळ करू नका. येत्या उन्हाळ्यात एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी इथली योजना) प्रमाणित दोन-तीन इन्स्टॉलरांकडून खोलीनिहाय उष्णतेचा हिशोब आणि कोटेशन घेऊन ठेवा. ग्रँटचा अर्ज इन्स्टॉलरच करतो आणि रक्कम बिलातूनच वजा होते. 'आधी पूर्ण पैसे भरा, ग्रँट नंतर तुमच्या खात्यात येईल' असं कुणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.