उमेदवाराला मुलगा नाही म्हणून तो कमकुवत, असं उत्क्रांतिशास्त्र खरंच सांगतं का?

तुमच्या प्रभागात तीन उमेदवार आहेत. एकाला दोन मुलीच, एकाला मूलबाळ नाही, तिसऱ्याचे दोन्ही मुलगे इंजिनिअर. आणि ग्रुपवर मजकूर फिरतोय की उत्क्रांतीच्या नियमानं सक्षम पुरुषाला मुलगे होतात, ज्याचा वंश पुढं जात नाही त्याला पुढच्या पिढीची फिकीर नसते, म्हणून मत तिसऱ्याला द्या. यात शास्त्र किती, असं तुम्ही विचारलंय.

शास्त्र अजिबात नाही. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हाच मजकूर परवा रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर माझ्या कानावर पडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. आमच्या ओळखीचे एक म्हैसवाले धार काढता काढता म्हणाले, "मॅडम, तुम्ही काहीबी म्हणा, रेडा कसा हाय ते त्याच्या लेकींवरनंच कळतंय न्हवं?"

त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ते का खरं आहे हे नीट पाहिलं, की तुमच्या ग्रुपवरचा मजकूर गळून पडतो.

रेडा दूध देत नाही. त्याच्यात दुधाचा गुण किती हे थेट मोजताच येत नाही, म्हणून लेकींचं दूध मोजतात. याला संतती चाचणी म्हणतात. त्यासाठी एकाच रेड्याचं वीर्य गावोगावच्या म्हशींना देतात आणि त्याच्या लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत वाढतात. कुणाकडं हिरवा चारा आणि पेंड भरपूर, कुणाकडं नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, भागतं. लेकी मोठ्या होऊन व्यायल्या की प्रत्येकीचं दूध लिहून ठेवायचं, दुसऱ्या रेड्यांच्या लेकींशी ताडून बघायचं. गोठे पुष्कळ असले तरच गोठ्याचा वाटा बाजूला निघतो आणि रेड्याचा वाटा उरतो. यात वर्षं जातात. दोन लेकी बघून कुणी जाणता माणूस रेडा पास करत नाही. आणि एवढं करून कळतं ते फक्त दुधाबद्दल.

आता हे उमेदवाराला लावून बघा. मुलं दोन, तीही एकाच घरात वाढलेली. बापाचा पैसा, आईची मेहनत, क्लासची फी, नशीब आणि रक्त, यांतलं कशामुळं ती इंजिनिअर झाली हे वेगळं काढायची सोयच नाही. शिवाय मोजायचा गुण कोणता? आपल्याला हवाय गटार तुंबल्यावर धावून येणारा माणूस. त्याचं माप मुलाच्या डिग्रीत कसं सापडेल? रेड्याची धार काढता येत नाही म्हणून लेकींकडं बघावं लागतं. उमेदवार तर समोर उभा आहे, त्याचं काम थेट बघता येतं.

"सक्षम पुरुषाला मुलगे" हे वाक्य बहुधा १९७३ च्या एका गृहीतकाची मोडतोड करून काढलंय. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि डॅन विलार्ड यांनी मांडलं होतं की काही प्राण्यांत माद्या धडधाकट असल्या तर त्यांना सरासरीनं नर पिल्लं किंचित जास्त होण्याकडं कल असू शकतो. म्हणजे बोलणं मादीच्या प्रकृतीबद्दल आहे, तेही सरासरीचं. माणसांत याचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. एका घरातल्या दोन मुलींवरून बापाबद्दल काही सांगणं त्यात कुठंच बसत नाही. शुक्राणूत एक्स गुणसूत्र होतं की वाय, एवढ्यावर मुलगी की मुलगा ठरतं.

इथं मला राग येतो, तो लपवत नाही. मला दोन मुली आहेत. दुसरीच्या वेळी दवाखान्यात एका नातलग बाईंनी यांच्या खांद्यावर हात ठेवून "असू दे" म्हटलं होतं. बाळ निरोगी, मी शुद्धीवर, आणि "असू दे". २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. निसर्गात जन्माचं प्रमाण हजाराला साधारण साडेनऊशे असतं. मधल्या मुली कुठं गेल्या हे आपल्याला माहीत आहे. अशा जिल्ह्यात "मुलगा हे सक्षमतेचं लक्षण" असा मजकूर शास्त्राच्या नावानं पुढं पाठवणं हे साधं काम नाही.

जीवशास्त्रात 'फिटनेस' म्हणजे त्या त्या परिस्थितीत मागं किती संतती उरली, एवढंच. अक्कल, सचोटी यांचा त्याच्याशी संबंध नाही. संततीच मोजायची तर जास्त मुलांचा उमेदवार जास्त 'फिट' ठरेल. पण १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल, तर आपल्याकडं महापालिकेला उभंच राहता येत नाही.

मूल नसलेल्याला पुढच्या पिढीची फिकीर नसते, हेही तसंच. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये दाखवलं की आपली जनुकं भावंडांत, भाचरा-पुतण्यांतही असतात, म्हणून त्यांच्यासाठी राबूनही ती पुढं जातात. कामकरी मधमाश्या सहसा स्वतः पिल्लं न घालता पोळ्यासाठी राबतात. पण माणसाला कशाची तळमळ आहे, हे जनुकांच्या हिशेबानं ठरतच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंना पोटचं मूल नव्हतं.

आणि कोल्हापुरात बसून वंशाचं बोलायचं तर शाहू महाराजांना कसं विसरायचं? ते कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला दत्तक आले. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या त्या या दत्तक राजानं. पुढं १९४७ मध्ये गादीवर आलेले शहाजी महाराज हे शाहू महाराजांच्या कन्या राधाबाईंचे पुत्र, तेही दत्तक. जनुकांच्या हिशेबात मुलीच्या मुलात आजोबांचा वाटा साधारण पाव, मुलाच्या मुलातही पावच. २०२४ च्या लोकसभेला दत्तकाचा मुद्दा इथं पुन्हा प्रचारात आला होता. ज्यांच्याविरुद्ध आला ते आजचे शाहू छत्रपती, म्हणजे शहाजी महाराजांचे दत्तक पुत्र, निवडून आले.

तेव्हा ग्रुपवर एवढंच लिहा: रेड्याची चाचणी माणसाला लावू नका. तिघांची शपथपत्रं मिळवा; गुन्हे, मालमत्ता, शिक्षण त्यात असतं. आणि २०१९ ला, २०२१ ला पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा तिघांपैकी कोण कुठं होता, हे गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना विचारा. त्यांना तारखेवार आठवत असतं.