नायक तुसडा का वाटतो?

प्रश्न : माझ्या कादंबरीचा नायक १८१५ च्या इंग्लंडमधला उमराव आहे. तो पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली, म्हणून त्याला प्रेमाची धास्ती. मैत्रिणी म्हणतात, तो नुसता तुसडा वाटतो. काय चुकतंय?

उत्तर : जखम तुम्ही सांगून टाकलीत, ती दिसत नाही. तिला एक सवय द्या. बायको कुठेही निघाली की हा निरोप द्यायला खाली येत नाही. बग्गीची चाकं खडीवर वाजली की हिशेबाची वही उघडून बसतो. हे तीनदा येऊ द्या. तिसऱ्या वेळी तो पायरीपर्यंत येतो, बस्स. एका रात्रीत कबुली, रडारड आणि सकाळी ठणठणीत, हे मात्र नको. तिथेच बहुतेक कादंबऱ्या घसरतात.

आणि आई का परतली नाही, तेही ठरवा. तेव्हा मुलांवर कायद्याने हक्क बापाचा. विभक्त आईला सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा कोर्टात मागता येऊ लागला तो १८३९ च्या कायद्याने. म्हणजे ‘आईनं टाकलं’ ही बापानेच पढवलेली गोष्ट असू शकते. आईची न उघडलेली पत्रं बापाच्या कपाटात सापडू द्या. पण शेवटच्या प्रकरणात नको, मध्यावर. राग पचवायला त्याला पानं लागतील.