सिंहगड सोडून कुठे?

प्रश्न: पुण्याहून सायकलवर घाट आणि किल्ला दोन्ही होईल असा रूट सांगा ना, सिंहगड नको. गिअरची सायकल आहे, पण घाटाची सवय नाही.

उत्तर: मग कोंढव्यातून बोपदेव घाट चढा, पुढे सासवड, सोनोरी आणि मल्हारगड. मराठ्यांच्या किल्लेबांधणीच्या अगदी शेवटच्या काळात, १७५७ ते १७६० मध्ये बांधलेला हा छोटा किल्ला, पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचा, आणि त्यांची गढी सोनोरीतच आहे, ती चुकवू नका (लोक सरळ गडाकडेच पळतात!). चढ यायच्या आधीच गिअर हलका टाका, जोर लावत बदलला की चेन उतरते. येताना दिवे घाट नकोच, ट्रक फार. उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवू नका, सोडत सोडत दाबा.