वाचकांचे प्रश्न : ‘अंतर्गत बाब’ कुठवर चालते?

प्रश्न : मानवी हक्कांवरून बाहेरून कुणी काही विचारलं की ‘ही आमची अंतर्गत बाब आहे’ असं प्रत्येक सरकार म्हणतं. कायद्याने हे उत्तर टिकतं का?
– एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : काही बाबतींत टिकते, काहींत नाही. त्या देशाने कोणता करार कोणत्या अटींवर स्वीकारला आहे, हे आधी पाहावे लागते.

या उत्तराचा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(७). जे विषय मूलतः एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारात येतात, त्यांत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करायचा नाही, असे ते सांगते. अपवाद एकच : सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने केलेली सक्तीची कारवाई. मात्र मूलतः अंतर्गत म्हणजे काय, याची यादी सनदेत नाही. १९२३ मध्ये ट्युनिस आणि मोरोक्कोतील नागरिकत्वाच्या हुकुमांवर मत देताना हेगच्या, संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले होते की ही सीमा सापेक्ष आहे. राष्ट्रांमधले संबंध वाढतील तशी ती सरकते. एखाद्या विषयावर देशाने करार केला की तेवढ्यापुरता तो विषय निव्वळ अंतर्गत राहत नाही.

ही सीमा सरकवण्यात भारताचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत याला फार कमी जागा मिळते याची आम्हाला खंत वाटते. १९४६ मध्ये, स्वतंत्र होण्याआधीच, भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेला. जमीनखरेदी आणि वस्तीवर बंधने घालणारा कायदा तिथे त्याच वर्षी झाला होता. ‘हा आमचा घरचा मामला,’ असे पंतप्रधान यान स्मट्स यांनी कलम २(७)चा हवाला देऊन सांगितले. सनदेच्या प्रास्ताविकात ‘मूलभूत मानवी हक्क’ हे शब्द आणण्यात याच स्मट्स यांचा हात होता. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. त्याच पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. ८ डिसेंबर १९४६ रोजी दोन-तृतीयांश मतांनी ठराव झाला : ही वागणूक सनदेशी आणि दोन्ही सरकारांतल्या करारांशी सुसंगत हवी. तेव्हापासून प्रश्न विचारणे, चर्चा करणे, शिफारस करणे याला कलम २(७)च्या अर्थाने हस्तक्षेप मानण्याचा युक्तिवाद क्वचितच मान्य होतो. बळजबरी मात्र निषिद्धच आहे. कॉन्ट्रा बंडखोरांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देऊन अमेरिकेने निकाराग्वात बेकायदा हस्तक्षेप केला, असा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९८६चा निकाल आहे. मानवी हक्क जपायचे म्हणून बळ वापरणे हे योग्य साधन ठरत नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्न : मग नरसंहार चालू असेल तर कुणी सैन्य पाठवू शकतं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : सुरक्षा परिषदेच्या परवानगीने पाठवता येते. लोकसंख्येचे संरक्षण ही आधी त्या देशाची जबाबदारी आणि तो उघडपणे अपयशी ठरला तर परिषदेमार्फत सामूहिक कारवाई, हे २००५च्या जागतिक शिखर परिषदेच्या दस्तऐवजात परिच्छेद १३८ व १३९ मध्ये आहे. नरसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे, एवढ्या चारच बाबींसाठी. १७ मार्च २०११च्या लिबियावरील ठरावाला १० मते पडली. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेली परवानगी सत्तापालटापर्यंत ताणली गेली, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि सीरियाच्या वेळी परिषद अडली त्याचे हे एक मोठे कारण आहे. परिषदेला डावलून नाटोने १९९९ मध्ये कोसोवोसाठी केलेली बाँबफेक आमच्या मते सनदेत बसत नाही. हेतू चांगला होता असे धरले तरी.

प्रश्न : नात्यातल्या एका तरुणाला पोलीस कोठडीत मारहाण झाली. थेट जिनिव्हाला तक्रार करता येईल का? कुणी म्हणतं येते, कुणी म्हणतं नाही.
– वाचक, येरवडा

उत्तर : दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. पण जिनिव्हाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मानवी हक्क यंत्रणांच्या, आधी पुण्यातली कामे करा. ती राहिली तर पुढचे सगळेच लटके पडते.

अटकेनंतर २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. त्या वेळी मारहाणीची तक्रार तोंडी सांगून नोंदवून घ्यायला लावा. अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली बंधनकारक आहे आणि अहवालाची प्रत त्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळते. ती मागून घ्या. आठवड्याभराने वळ जातात, मग उरतो फक्त कागद. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्यात आहे.

त्यानंतर मानवी हक्क आयोग : मुंबईतला राज्य आयोग किंवा दिल्लीतला राष्ट्रीय. शुल्क नाही, मराठीत लिहिले तरी चालते. इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, उशीर : घटनेला एक वर्ष उलटले की १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ३६ आयोगाला चौकशी करू देत नाही. दुसरी, दोन्हीकडे एकदम अर्ज : राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. तिसरी, मोघम मजकूर : तारीख, वेळ, ठाणे, कोण हजर होते आणि इजा कुठे झाली, हे नसले की अर्ज सुरुवातीलाच निकाली निघतो. न्यायालयात चालू असलेला वाद किंवा नोकरीतला तंटा असा अर्जही असाच परत येतो. आयोग नुकसानभरपाईची आणि खटला भरण्याची शिफारस करतो. सरकारने ती मनावर घेतली नाही तर उच्च न्यायालयाचा रस्ता उरतो. पुण्याची रिट याचिका मुंबईलाच जाते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या हद्दीत पुणे जिल्हा नाही.

आता जिनिव्हा. तिथे निरनिराळी दारे आहेत. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला, पण व्यक्तीला तक्रार करू देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही. म्हणून त्या कराराच्या मानवी हक्क समितीकडे भारताविरुद्ध वैयक्तिक तक्रार दाखलच होत नाही. छळविरोधी करारावर आपली १९९७ची सही आहे, पण अनुसमर्थन (सहीनंतर करार पक्का स्वीकारणे) नाही, त्यामुळे ती समितीही बंद. ‘भारताने सही केली आहे ना?’ एवढ्यावर लोक पैसे देऊन अर्ज तयार करून घेतात, याचे आम्हाला वाईट वाटते. सही, अनुसमर्थन आणि तक्रारीची संमती या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. कोणता देश कुठल्या पायरीवर आहे आणि कोणत्या कलमावर त्याने अट ठेवली आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारसूचीत कुणालाही फुकट पाहता येते.

उघडे दार आहे ते विशेष प्रतिवेदकांचे. छळ, मनमानी स्थानबद्धता, बेपत्ता व्यक्ती अशा विषयांचे हे तज्ज्ञ आणि कार्यगट मानवी हक्क परिषदेने नेमलेले असतात. इथे करार स्वीकारलेला असण्याची गरज नाही, आणि देशातले उपाय संपले आहेत हे दाखवावे लागत नाही. ऑनलाइन अर्जात पीडिताचे नाव, त्याची संमती, तारीख, ठिकाण, जबाबदार यंत्रणा आणि आतापर्यंत काय केले ते लिहायचे. अर्ज इंग्रजीत करा. केवळ बातम्यांची कात्रणे जोडली तर स्वीकारत नाहीत. मान्य झाले तर सरकारला पत्र जाते. आरोपाच्या पत्राला उत्तर देण्यासाठी साधारण ६० दिवस देतात आणि त्यानंतर ते पत्र प्रसिद्ध होते. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात, पण पीडिताचे नाव सहसा पत्रात असते. घरच्यांशी बोलून आधी ठरवा. यातून सुटकेचा हुकूम येत नाही. सरकारला लेखी विचारणा होते आणि ती कायमची नोंदली जाते.

प्रश्न : हे आंतरराष्ट्रीय करार आपल्या न्यायालयांना बंधनकारक असतात का?
– विधी शाखेचा विद्यार्थी, डेक्कन

उत्तर : थेट नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार संसद कायदा करते तेव्हा करार देशात लागू होतो, आणि स्पष्ट कायदा विरुद्ध असेल तर कायदाच वरचढ ठरतो. पण कायद्यात पोकळी असेल किंवा त्याचे दोन अर्थ निघत असतील तर न्यायालय कराराशी जुळणारा अर्थ घेते. जॉली जॉर्ज वर्गीस (१९८०) पाहा : कर्ज फेडता येत नाही एवढ्यावरून तुरुंग नको, हे नागरी व राजकीय हक्कांच्या करारातले तत्त्व दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये वाचले गेले. विशाखा (१९९७) मध्ये स्त्रियांबाबतच्या भेदभावविरोधी कराराच्या आधारे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे आली. कायदा व्हायला २०१३ उजाडले.

सर्वांत बोलके उदाहरण भरपाईचे. १९७९ मध्ये भारताने नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ९ वर नोंद केली होती की बेकायदा अटकेसाठी भरपाईचा अंमलात आणता येईल असा हक्क आपल्याकडे नाही. १९९३ मध्ये नीलबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच कलम ९(५) उद्धृत करून कोठडीतल्या मृत्यूसाठी आईला दीड लाख रुपये द्यायला लावले. डी. के. बसू निकालात तर त्या नोंदीला आता अर्थ उरला नाही, असे म्हटले. याचिका लिहिताना म्हणून करार एकटा उभा करू नका. अनुच्छेद १४, १९ किंवा २१ आधी, करार त्याच्या पाठीशी.

प्रश्न : मुलगी जर्मनीत शिकते. परदेशात आपल्या मुलांना अटक झाली तर भारत सरकार काय करू शकतं?
– पालक, हडपसर

उत्तर : १९६३च्या व्हिएन्ना कॉन्सुलर कराराचे कलम ३६ लक्षात ठेवा. अटक करणाऱ्याने परदेशी व्यक्तीला विनाविलंब सांगायचे असते की तुला तुझ्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि तिने मागितल्यास दूतावासाला कळवायचे असते. बऱ्याच मुलांना हे माहीत नसते, काही जण घरी कळेल म्हणून नको म्हणतात, आणि मग दूतावासाला पत्ताच लागत नाही. जाण्याआधीच सांगून ठेवा : ‘भारतीय दूतावासाला कळवा’ हे स्वतःहून मागायचे, आणि न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर दुभाष्याशिवाय सही करायची नाही. इकडे तुम्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर पासपोर्ट क्रमांकासह नोंद करा. दूतावास भेटतो, वकील मिळवून देतो, गरजूंना काही अटींवर भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत होते. तिथल्या न्यायालयाच्या कामात मात्र त्याला पडता येत नाही.

या कलमाची ताकद आणि मर्यादा कुलभूषण जाधव प्रकरणात दिसली. ३ मार्च २०१६ची अटक पाकिस्तानने भारताला २५ मार्चला कळवली. हेरगिरीच्या आरोपीला कलम ३६ लागू नाही, हे पाकिस्तानचे म्हणणे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी फेटाळले. १५ विरुद्ध १ मतांनी करारभंग ठरवला आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितले. सुटकेची मागणी मान्य झाली नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावरचे भारताचे मुद्देही न्यायालयाने तपासले नाहीत, कारण दोन्ही देशांनी त्याला अधिकार दिला होता तो फक्त कॉन्सुलर करारापुरता.

जर्मनीपुरते एक जास्तीचे दार आहे. वर सांगितलेला ऐच्छिक प्रोटोकॉल जर्मनीने, तसाच कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानेही, स्वीकारला आहे. तिथे हक्कभंग झाला आणि तिथल्या वरच्या न्यायालयापर्यंत दाद मागून संपली, तर तुमची मुलगी भारतीय असूनही मानवी हक्क समितीकडे तक्रार करू शकते. तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे चालू नसावे, आणि देशांतर्गत उपाय संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज जावा. ब्रिटन आणि अमेरिकेत शिकणाऱ्यांना हे दार नाही.